पंधरा मिनिटांची वही

ता. ३ मे, सोमवार
सकाळचे सव्वासहा

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. नको असतील तर बाजूला ठेव, पण पत्र पुरतं वाच. इथे आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमीच. तिकडच्या छापखान्यात तुझं कसं चाललंय ते आईकडून कळतं, म्हणून विचारत नाही. फोनवर माझा आवाज आला की तू ‘आईला दे’ म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र.

वाचनालयाची तीनशे पुस्तकं अजून आपल्याकडेच आहेत. जूनअखेर बांधून द्यायची आहेत. तू गेल्यावर ग्रंथपालबाईंना वाटलं, मी काम परत करणार. मी म्हटलं, दोघांचं काम एकीने शिस्तीत केलं तर होतं. आणि होतंय. मी वेळापत्रक केलंय.

ऐक. सहाला उठायचं. सव्वासहा ते साडेसहा पत्रव्यवहार, तो हा. सात ते दहा नुसती शिवण. शटर अर्धं खाली आणि फोन आईच्या उशाशी. बाहेर पाटी लावली आहे, ‘दहानंतर यावे’. पहिल्या दिवशी तीन गिऱ्हाइकं फणकारली. आता तिघंही दहाच्या ठोक्याला हजर असतात. खळ रोज ढवळत बसत नाही, दोन दिवसांची एकदम शिजवते. पुठ्ठे मापून सगळे एका बैठकीत कापते. पूर्वी मी एकेक पुस्तक धरून शेवटाला न्यायची, आता एकेक काम धरून वीस पुस्तकांतून नेते. हे तू दोन वर्षं माझ्या कानीकपाळी ओरडत होतास, ते आठवतंय मला. पण सुचलं मात्र माझं मलाच, हे लक्षात ठेव.

साडेसहा झाले. उरलेलं उद्या.

मंगळवार, सव्वासहा

आकडा सांगायचा राहिला. दोघं होतो तेव्हा दिवसाला आठ पुस्तकं व्हायची. आता मी एकटी सहा करते. या वेगाने तीनशे जूनअखेर हातावेगळी होतात, रविवारची सुट्टी धरून. मी तीनदा हिशोब केला.

खरं सांगते, पहिल्या आठवड्यात मी या सहाच्या आकड्यावर फार खूश होते. मनात म्हटलं, आठातून सहा गेले, म्हणजे हे महाशय दिवसभरात दोनच करत होते. मी म्हणत होते ते काही खोटं नव्हतं. आईलाही तसं ऐकवलं. आई म्हणाली, “बरं झालं. आता सहा पुस्तकं करून झाली की खेकसणार कुणावर?” तुझी आई आहे, तिला काय बोलणार.

वेळ कुठे जातो ते आधी लिहून काढावं लागतं, मगच वेळापत्रक जमतं. त्यासाठी ती वही होती. दर पंधरा मिनिटांनी कोण काय करत होतं ते लिहायचं. वही तुला माहीत आहे. तिचं आत्ता नको.

आज दुपारी मागची खोली आवरणार आहे. जुने पुठ्ठे, रिकामे डबे, बाबांची मोडकी कात्री, सगळं पसरलंय तिथे. का आवरते ते मलाही अजून धड ठाऊक नाही.

गुरुवार, सव्वासहा

काल लिहिलं नाही. गजर वाजला नाही असं लिहिणार होते. वाजला होता.

मंगळवारी खोली आवरताना पुस्तकांची नोंद करायला कोरं पान हवं होतं, म्हणून तीच वही उघडली. त्यात दोन रकाने आहेत, एक तुझा, एक माझा. वही सुरू केली ती वेळापत्रकासाठी, असं परवा लिहिलं. तेही खोटं. तू वेळ कसा घालवतोस ते तुला लेखी दाखवायचं होतं. माझा रकाना नुसता सोबतीला, एकतर्फी वाटू नये म्हणून. तो मी लिहिला होता, पण कधी वाचला नव्हता.

परवा वाचला. माझंच अक्षर. आठ वाजता, धाकट्याला कुठवर आलं ते विचारलं. सव्वाआठ, धाकट्याची शिवण बघितली. साडेआठ, दोरा इतका ओढू नको म्हणून सांगितलं. पावणेनऊ, झालं का विचारलं. मधे एक गिऱ्हाईक, मग ते गिऱ्हाईक काय म्हणालं ते तुला सांगितलं. एका दिवसात अकरा वेळा, धाकट्या. अकरा वेळा पंधरा मिनिटं म्हणजे पावणेतीन तास मी तुझ्या स्टुलामागे उभी होते, आणि संध्याकाळी आईला सांगत होते की कामाने जीव जातो.

तुझ्या रकान्यात शिवण, शिवण, शिवण आहे. त्या आठांतली सहा तुझी होती. दोन माझी. आता मी सहा करते, कारण जाऊन मागे उभं राहायला कुणी नाही.

त्या दिवशी ग्रंथपालबाईंसमोर मी वहीतून मोठ्याने वाचलं होतं, ‘नऊ वाजता, खिडकीबाहेर बघत बसला.’ तू सुई ठेवलीस, एप्रन घडी करून खुंटीला लावलास आणि गेलास. त्याच ओळीत शेजारच्या रकान्यात काय लिहिलंय ते आता वाच. ‘नऊ वाजता, धाकट्याला रागावले.’ मी अर्धीच ओळ वाचली होती.

माझं चुकलं. हे मी तुला कधी म्हटलेलं नाही, लहानपणी तुझी पाटी फोडली तेव्हाही नाही. काल दहाला ग्रंथपालबाई आल्या. त्यांच्यासमोरच चुकले होते, म्हणून त्यांनाच माझा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. त्यांनी वही माझ्या हातातून घेऊन मिटली. मग म्हणाल्या, “मला कशाला सांगताय, ज्याला सांगायचं त्याला सांगा.”

म्हणून सांगते. काम अडलेलं नाही. तीनशे पुस्तकं मी एकटी वेळेत देईन, यात तिळमात्र शंका नको. अडलं असतं तर तुला वाटलं असतं, कामासाठी बोलावते आहे. तू हवा आहेस म्हणून बोलावते.

मागची खोली रिकामी झाली. तुझं स्टूल तिथे खिडकीकडे तोंड करून ठेवलंय. सुतार काल येऊन दाराला कडी लावून गेला, आतून. बाहेरून उघडायची काही सोय ठेवलेली नाही, सुताराला आत ठेवून मी ढकलून पाहिलं. वेळापत्रकात तुझा रकाना कोरा आहे आणि तो मी भरणार नाही. दिवसातून एकदा, एक वाजता, जेवायला हाक मारीन. तेवढी मारू दे.

सात वाजून दहा मिनिटं झाली. वेळापत्रक केल्यापासून आज पहिल्यांदा शिवणीला उशीर, आणि मला त्याचं काहीच वाटत नाही. केव्हा येतोस ते विचारत नाही.

दाराबाहेरच थांबणारी,
तुझी ताई

ता. क. केव्हा येतोस, असं आई विचारते आहे. खरंच आई.