पिशवीतली भांडी

आष्टा,
मंगळवार

प्रिय शिवतेज,

फोनवर हा विषय काढला की नेमकं तुझं नेटवर्क जातं, म्हणून युनिटच्या पत्त्यावर पत्र टाकतेय. सुट्टीवर निघण्याआधी वाच. फाडू नकोस.

शंभूराज बरा आहे. श्रद्धा कुपवाडला ड्युटीवर गेली की शाळेनंतर तुम्हा दोघांचं पोरगं माझ्याजवळच असतं. ऊस छातीएवढा आलाय. ट्रॅक्टर मीच चालवते, आणि आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगतात, ही पोरगी नाही, पोरगाच आहे माझा. पूर्वी ऐकून बरं वाटायचं. आता नाही वाटत.

मागच्या सुट्टीत तू शंभूची भातुकली विहिरीत फेकलीस. फौजीचा पोरगा चूल मांडतो म्हणून. तुमच्या युनिटच्या लंगरात काय आयाबाया येऊन रोट्या भाजतात? तू गेल्यावर पोर आठ दिवस विहिरीपासून हलेना. मी घाबरले, सांगलीहून नवी पितळी भांडी आणली. तेव्हापासून रोज ओसरीवर चुरमुऱ्यांचा भात होतो आणि पहिलं ताट तुझ्या फोटोपुढे जातं.

परवा तुझ्या सुट्टीची तारीख कळली, तसा त्याचा खेळ थांबला. आज सगळी भांडी पिशवीत भरून माझ्यापाशी आला अन् हळूच म्हणाला, "आत्ते, पप्पा यायच्या आदी ही उसात लपीव. ते गेल्यावर काढू." सहा वर्षांचं लेकरू, बाप यायच्या आधीच तो जायची वाट बघतंय. मला रडू आलं आणि तुझा भयंकर राग आला.

पण रागवायचं तोंड मला नाही. लहानपणी गोठ्यामागं आपण खेळ बदलायचो. तुझा पत्र्याचा ट्रॅक्टर मी पळवायचे, माझ्या चुलीवर तू भात शिजवायचास. त्या दिवशी आबा सहज तिकडं आले, असं तू आजवर समजतोस. ते सहज आले नव्हते. तू ट्रॅक्टर परत मागितलास, मला द्यायचा नव्हता, म्हणून मीच पळत जाऊन सांगितलं की शिवा रोज चूल मांडतो. आबांनी तुझी पाठ सोलली आणि ट्रॅक्टर मला मिळाला. त्यानंतर तू कधी चुलीपाशी बसला नाहीस. बावीस वर्षं हे मी तुझ्यापासून लपवलंय. चुलीवरचा तुझा तो राग माझ्या वाटणीचा आहे, शंभूच्या नाही. ये आणि मला काय बोलायचं ते बोल. पिशवी मी उसात लपवणार नाही. तू येशील तेव्हा भांडी ओसरीवर मांडलेली असतील. शंभू ताट पुढं करेल. तेवढं ताट घे, शिवा.

तुझीच चहाडखोर ताई,
शिवांजली