फाटकाच्या आतली बाई

आई, मी लिहिलेली मालिका वाहिनीनं नाकारली. नमुना म्हणून पहिला भाग आम्ही करून दिला होता, त्याला पायलट म्हणतात. तिथले साहेब म्हणाले, "बाई फार गप्प आहे हो. आणि हिची सासू कुठाय?" आता तोच भाग कापून लघुपट केलाय. सांगलीच्या महोत्सवाला आज पाठवायचाय, आणि मी दुपारपासून पडद्याकडं नुसती बघत बसलेय.

गोष्ट तुझ्यावरून सुचलेली. तासगावची बेदाण्याची शेड, जाळ्यांवर वाळणारी द्राक्षं, गंधकाच्या धुरीनं चुरचुरणारे डोळे. काम सुटलं की तुम्ही बायका फाटकाशी रांग लावायच्या आणि बेदाणा लपवला नाही हे दाखवायला एकेकजण पदर झाडायची. मी दप्तर घेऊन बाहेर उभी आहे. मुकादमानं बघायच्या आधीच तू पदर झाडतेस. "तू घेतलं न्हाईस, मग कशाला झाडतीस गं?" मी विचारते. "झाडला की सुटले. चल, भाकरी थापायच्या हायत."

माझ्या गोष्टीतली बाई पदर झाडत नाही. मुठीत घट्ट धरून उभी राहते, मुकादम फाटक लावून घेतो, भाग संपतो. पुढच्या भागात ती बाहेर येणार होती. आता पुढचा भागच नाही. संकलक फोनवर म्हणतो, "शेवट लय भारी झालाय, हात लावू नकोस." पण तुझ्याशेजारी बसून बेदाणा निवडणारी मावशी परवा बघायला आली होती. संपल्यावर चहा तसाच ठेवून म्हणाली, "तिला आतच ठिवलीस व्हय गं? आन् घरी पोरं वाट बगत असतील त्येंचं काय?"

तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. घरात पदवी घेणारी मीच पहिली, म्हणून नाही म्हणणं मला सोपं वाटत आलं. आता दादा दारातून सांगून गेलाय, "रविवारी पावणं येत्यात बगायला. तवर तुझं ते पिक्चर आवर." मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "बरं. साडी कुठली नेसणार?"

लघुपटाच्या शेवटी काळ्या पडद्यावर 'ती बाहेर पडली' एवढं लिहून बघितलं, आणि पुसलं. मग लघुपट आहे तसाच पाठवून दिला.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून सांगते. पुढचे भाग डोक्यात तयार आहेत, असं मी वाहिनीला म्हणाले होते. नव्हते, आई. ती बाहेर कशी येते, ते मला तेव्हाही सुचलं नव्हतं.