बंदुकीचं कपाट आणि अकरावा खिळा

दि. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि माझं उत्तर नाही, म्हणजे मनातल्या मनात तू माझा कान धरला असशील. धर, पण कारण ऐक. आबा गेल्यावर त्यांची बंदूक ठाण्यात जमा केली, ती अजून तिथेच पडून आहे. परवाना माझ्या नावावर करून घ्यायचा तर आता नियम बदललेत. आबांसारखी जुन्या चादरीत गुंडाळून कपड्यांच्या कपाटावर टाकलेली चालत नाही. त्यासाठी वेगळं लोखंडी कपाट हवं, ते भक्कम भिंतीला आतून चार बोल्टांनी आवळलेलं हवं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसता कामा नये, आणि किल्ली फक्त परवानेवाल्याकडे. तपासनीस घरी येऊन बघणार, मगच सही.

बंदुकीवाचून आता निभत नाही गं. या महिन्यात रानडुकरांनी लिंबाची अकरा झाडं मुळांसकट उकरली. डबे बडवून झाले, फटाके लावून झाले. डुकरं आता डब्यांच्या तालावर खातात.

कपाट येऊन पडलंय. हिरवं, माझ्या खांद्याइतकं उंच, चौघांनी घामाघूम होऊन आत आणलं. सध्या बैठकीच्या मधोमध उभं आहे आणि जो तो त्याला वळसा घालून जातो. जागा तीन सुचल्यात: आमची झोपायची खोली, जिन्याखालचा कोपरा किंवा आबांची खोली. ही पडली मोजणी खात्यातली, तिने टेप काढून सगळ्या घराचा नकाशाच केलाय. तुझं मत कळव, घर तुझंही आहे.

माझी तब्येत बरी. गोळ्या वेळेवर घेतो, डॉक्टरांकडे महिन्याला जातो. गेल्या वर्षीसारखं आता काही नाही, तेव्हा ते डोक्यात घेऊ नकोस.

लोभ आहेच, त्यात काटछाट करू नये.

तुझा,
गुंड्या

*

दि. ११ मार्च

चि. गुंड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अकरा झाडं गेल्याचं वाचून वाईट वाटलं. त्यातली चार तरी आबांनी आणि मी मिळून लावलेली असणार.

आता तुझ्या जागा. तुमच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला पलीकडून न्हाणीघर आहे, बारा महिने ओल, कपाट गंजून जाईल. जिन्याखाली सगळ्यांच्या चपला, तिथे दिवसातून शंभरदा कोणी ना कोणी वाकतं. आबांच्या खोलीची खिडकी थेट रस्त्यावर. माळा म्हणशील तर त्याच्या फळ्या माझ्या लग्नाच्या आधीपासून कुरकुरतायत.

म्हणजे घरात जागाच उरली नाही. लिहिलेलं वाचून माझं मलाच हसू आलं. मग पत्र तसंच ठेवून वॉर्डात ड्यूटीला गेले, आठ तास रुग्णांची पांघरुणं सरळ केली, आणि आता खरं लिहायला बसलेय.

मला भिंतींचं काही पडलेलं नाही. मला तुझी भीती वाटते. गेल्या वर्षी तीन महिने तू अंथरूण सोडलं नाहीस. मी आले होते तेव्हा मला म्हणालास की तू नसलास तर आम्ही सगळे सुटू. मी नर्स आहे, अशा बोलण्याचा अर्थ मला पुस्तकात बघावा लागत नाही. त्याच आठवड्यात आबांनी बंदूक दुरुस्तीला म्हणून दुकानदाराकडे नेऊन ठेवली होती. तिला काहीही झालं नव्हतं. हे तुला कधी सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं, ते मी आज मोडलं.

रागावलास तरी चालेल, पण उत्तर दे. माया आहे म्हणून लिहिलं, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
ताई

*

दि. १९ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो नाही. दुरुस्तीचं मला तेव्हाच कळलं होतं. आबांना खोटं बोलता येत नसे. दुकानातून परत आल्यावर त्यांनी मला तीन वेळा, न विचारता, घोडा अडकत होता म्हणून सांगितलं.

तू घाबरू नकोस. डॉक्टर म्हणतात, सुधारणा चांगली आहे. तुझ्या मताचा मान राखून तिन्ही जागा सोडल्या आणि चौथी निवडली. स्वयंपाकघरातून कोठीत जायच्या बोळात, कोठीच्या दाराआड जी दगडी भिंत आहे, ती. कोरडी, अंधारी, दार उघडलं की कपाट झाकून जातं. आमची चिमणी तिकडे एकटी जात नाही, पोरीला कोठीतल्या पालीची धास्ती आहे. हिने आमच्या पलंगापासून पावलं मोजली, एकतीस भरली. इतकं लांब कशाला, डुकरं तोवर वाट बघत थांबणार का, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, असू दे.

गवंड्याने पहिलं भोक पाडलं ते नेमकं दोन दगडांच्या सांध्यात, चुना भुरभुर गळला. वीतभर सरकून पुन्हा पाडलं, आता बोल्ट असे बसलेत की भिंत येईल पण कपाट येणार नाही. आबांच्या फळीला एक खिळा वाढवलाय. सगळं सज्ज आहे, तपासनीस सव्वीस तारखेला येतायत.

ताई, बाकीचं पुन्हा केव्हातरी. तुझी माया पोचली, तिला पोच देता येत नाही.

तुझा,
गुंड्या

*

दि. २७ मार्च

ती. सौ. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

या खेपेला मी लिहितेय, कारण ह्यांना लिहवत नाही. घाबरू नका, सगळे सुखरूप आहेत.

तपासनीस काल आले. शांत, पोक्त गृहस्थ. त्यांनी कपाट दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, मग चक्क त्याला लोंबकळले. कपाट हललं नाही. खूश होऊन कागदावर तसं लिहिलं, चहा घेतला आणि निघाले. दाराशी बूट घालता घालता त्यांची नजर वर गेली.

आबांची किल्ल्यांची फळी तुम्हाला ठाऊकच आहे. जन्मभर गिरणीचं भांडार सांभाळलं, त्यामुळे घरातली प्रत्येक किल्ली दाराजवळच्या फळीवर आपापल्या खिळ्याला, आणि प्रत्येकीला पत्र्याचा बिल्ला. पंप, कोठी, मागचं दार, सायकल, असे दहा. त्यांच्या पुढे ह्यांनी अकरावा खिळा ठोकला होता आणि बिल्ल्यावर लाल रंगात, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: बंदुकीचं कपाट.

तपासनिसांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. ह्यांनी वर अभिमानाने सांगितलं की आमच्या घरात किल्ली म्हणून हरवत नाही. ते गृहस्थ एका पायात बूट तसाच ठेवून परत खुर्चीत बसले. आणि मी, जी शेताच्या बांधावरचा वीतभर फरक पकडते, रोज त्या फळीवरून गाडीची किल्ली काढत होते, पण माझ्याही ते लक्षात आलं नाही. या घरात राहून मीही तुमच्यातलीच झालेय.

मग त्यांनी अर्ज पुन्हा उघडला. मनाचा काही आजार होऊन गेला का, हा रकाना ह्यांनी कोरा ठेवला होता. त्यांनी हळूच विचारलं. ह्यांनी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. सही न करताच ते गेल्यावर हे फळीसमोर बराच वेळ उभे होते. तुम्हाला स्वतः लिहीन म्हणालेत.

मुलांना आशीर्वाद. आमच्यावरचा लोभ वाढता असू द्या, सध्या त्याची गरज आहे.

आपली,
धाकटी भावजय

*

दि. २८ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही. पाच पत्रं सुरू केली आणि फाडली.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर आज देतो. जागा निवडताना मी भिंत बघत नव्हतो. प्रत्येक जागेपासून पलंग किती लांब, मध्ये किती दारं, वाटेत कोणाला जाग येईल, हे बघत होतो. एकतीस पावलं मला कमीच वाटली होती. ताई, मलाही माझीच भीती वाटत होती. तुला बरा आहे म्हणून लिहीत होतो आणि मनात हा हिशेब चालू होता.

किल्ली फळीवर लावली ती सवयीने, हे खरं. पण पुरतं खरं नाही. दाराजवळ, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असेल तर तिथून हलली की कोणाच्या तरी लक्षात येईल, असं मला वाटलं होतं. तपासनीस गेल्यावर फळीसमोर उभा राहिलो तेव्हा माझं मला हे उमगलं. हिला सांगितलं. ती रडली, मीही रडलो. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली की अर्ज मागे घे, परवाना माझ्या नावावर काढू. आबांनी तिला बागेत नेम धरायला शिकवलं होतं, आणि नेम तिचाच, आपला गुंड्या नुसता आवाज करतो, हे ते सगळ्यांना सांगत असत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे दोघं गेलो. त्यांनाही सगळं सांगितलं, आता पंधरा दिवसांनी जातो.

तपासनीस बावीस तारखेला पुन्हा आले. तेच कपाट, तीच भिंत, पुन्हा लोंबकळले. आधी फळी पाहिली, मग सही केली. काल हिने बंदूक आणून आत ठेवली, मला बागेत पाठवून. डुकरांची चाहूल लागली तर ही जाणार आणि मी मागे विजेरी धरणार, असं ठरलंय.

किल्ली कुठे आहे ते मला ठाऊक नाही. आबांच्या घरात जन्मून चाळीस वर्षं झाली, ठाऊक नसलेली ही पहिलीच किल्ली. पहिल्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखं झालं. आज सकाळी उठलो तर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय, आणि मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

अकरावा खिळा उपटला. बिल्ला टाकवत नाही, अक्षर फार चांगलं आलंय. सोबत पाठवतोय, तुझ्याकडे राहू दे. तुझा लोभ होता म्हणून हे लिहिता आलं.

तुझा,
गुंड्या

*

दि. ५ मे

चि. गुंड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. किल्ली कुठे आहे ते मला ठाऊक नाही, हे तुझं वाक्य मी उभ्याउभ्याच तीनदा वाचलं आणि मग खाली बसले. वर्षभर टेलिफोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. परवा वाजला तर मी भाजी चिरायची थांबलेसुद्धा नाही. दूधवाला होता.

भावजयीला सांग की मोजणी खात्यात तिला बढती मिळो न मिळो, माझ्याकडून मिळाली. चिमणीला पापा. आणि तुझं मन पुन्हा कधी जड झालं तर पत्रं फाडत बसू नकोस, पहिलंच पाठव, शाई सांडलेलं असलं तरी.

बिल्ला दाराजवळ खिळा ठोकून लावलाय, नुसताच, किल्लीशिवाय. येणारे तो वाचून दचकतात आणि विचारतात की घरात बंदूक आहे का. मी सांगते, बंदूक नाही, मला एक भाऊ आहे.

माझा आशीर्वाद तुझ्यापाशी आहेच, तू फक्त जपून राहा.

तुझी,
ताई