खाडीचा चिखल, आठ पिशव्या

२ मार्च, इस्लामपूर
देवगडहून खारफुटीचा चिखल घेऊन घरी पोचलो. आठ पिशव्या, प्रत्येक वेगळ्या खोलीची. कुठल्या थरात किती कार्बन साठलाय ते मोजायचं, की पीएचडी निम्मी झालीच. वीस तारखेला कमिटीपुढे आकडे नसतील तर रजिस्ट्रेशन रद्द, असं गाईड मॅडम म्हणाल्या. अठरा दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी.

३ मार्च
पिशव्या फ्रीजमध्ये. आई म्हणाली, दह्याला लय वास मारतोय, काढ ते भाईर. संशोधनाला विरोध घरातूनच सुरू होतो. पिशव्या बाहेरच्या सोप्यात हलवल्या. वेळापत्रकाची एक्सेल शीट केली, रंग दिले. दमलो.

९ मार्च
मनन.

१० मार्च, दुपारी
वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, विचारलं, ह्या मातीचं करनार काय रं? म्हणालो, सेंद्रिय कर्ब तपासणार. आण्णांचा चेहरा खुलला. तीन वर्षांत घरात पहिल्यांदा कुणाला तरी माझा विषय कळला. फार बरं वाटलं. उद्यापासून नक्की.

११ मार्च
शिवांजलीचा साखरपुडा, औंध. सख्खी मामेबहीण. चार दिवस जाणारच.

१५ मार्च
परतलो. पिशव्या रिकाम्या. आण्णांनी उसाच्या रानातली माती तपासायला देतात तशीच रीतसर तयारी केली. आठही पिशव्या गोणपाटावर एकत्र ओतल्या, सावलीत वाळवल्या, ढीग केला, चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन टाकून दिले. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. मग कारखान्याच्या लॅबला पोचवलं. फॉर्मवर शेतकरी म्हणून माझं नाव, पीक ऊस, गट नंबरच्या जागी "समुद्र". म्हणाले, तुला येळ न्हाई, म्हनून मीच उरकलं.
भयंकर चिडलो होतो. पण नावापुढे त्यांनी पीएचडी लिहिलं होतं, आत्तापासूनच.

१६ मार्च
नवे नमुने आणायला निघणार होतो. ओहोटी पहाटे साडेपाचला. अमानुष वेळ. रद्द.

१८ मार्च
रिपोर्ट आला. सेंद्रिय कर्ब: अत्यंत जास्त. क्षार: अत्यंत जास्त. शिफारस: ऊस घेऊ नये. चर काढून साचलेले पाणी बाहेर सोडावे.

२० मार्च, संध्याकाळी
तोच रिपोर्ट कमिटीपुढे ठेवला. मॅडमनी विचारलं, थर कुठायत? म्हणालो, एकत्रित पद्धत वापरली. कुणाची, म्हणाल्या. खरं ते सांगितलं. मग ठरलं की तीन वर्षांत निदान एक आकडा तरी आलाय. सहा महिने मुदत मिळाली.
बैठकीच्या मिनिट्सची कॉपी आत्ताच मेलवर आली. पुढचे नमुने: श्री. नानासो, विद्यार्थ्याचे वडील. मदतनीस: विद्यार्थी.