बोट लागली

२ जानेवारी २००६, सोमवार
"हिला गाडी लागते, हिला घरीच ठेवा." चौथीच्या सहलीच्या दिवशी आबा गुरुजींना असं म्हणाले होते. यष्टीच्या दारात, सगळ्या वर्गासमोर. माझी मैत्रीण शेवंता खिडकीत बसली होती. तिनं हात हलवला. यष्टी गेली.
नव्या डायरीच्या पहिल्याच पानावर हे लिहून टाकलं, म्हणजे विषय संपला. मला गाडी लागत नाही. आबांनी एका प्रसंगावरून मत बनवलं होतं, आणि त्या दिवशी मी भिजवलेले शेंगदाणे खाल्ले होते.
संकल्प: यंदा बोटीवर जायचं. गोव्याहून क्रूज निघते, तीन दिवस समुद्रात. शेवंता (तीही याच गावात दिलेली), तिची धाकटी जाऊ रतन आणि मी. महिला मंडळाची अध्यक्ष असल्यामुळे लीडर मीच.

३ जानेवारी
ह्यांना सांगितलं. ट्रॅक्टरखाली पडून काहीतरी आवळत होते. तिथूनच म्हणाले, "क्रूझरनं गोव्याला? मंग मधल्या शिटावर बस. मागं लय आदळतं."
क्रूझर म्हणजे आमच्या मांडवगणातून माणसं कोंबून दौंडला वडाप करते ती जीप. मी शांतपणे समजावलं की क्रूज वेगळी, क्रूझर वेगळी. क्रूज पाण्यावर चालते. त्यांनी पाना बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पर तुला तर क्रूझर बी लागती."
ऊसतोडीच्या दिवसांत माणूस चिडका होतो. मनावर घेतलं नाही. लग्न झाल्यावर माहेराहून, कवठे येमाईहून इथवर ह्यांच्या ट्रॅक्टरवर आले होते, मडगार्डवर बसून. काही झालं होतं का? उलट गाणं म्हटलं होतं. हा पुरावा ह्यांच्याच डोळ्यांदेखतचा, पण पुरुषांना सोयीचं तेवढंच आठवतं.

६ जानेवारी
रिझर्व्हेशन झालं. दौंडहून दुपारची गोव्याची ट्रेन. सकाळी पोचायचं, संध्याकाळी बोट. शेवंता म्हणत होती, पुण्याहून रात्रीची बस बरी, थेट पणजीला सोडते. मी म्हटलं, बसमध्ये पाय आखडतात. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.
कारण पायच आहेत. घाटाचा काही संबंध नाही.

९ जानेवारी, सकाळ
प्रॅक्टिस सुरू. बोट हलते, झोपाळाही हलतो. रोज सकाळी झोके घेऊन शरीराला सवय लावायची. पद्धत एकदम शास्त्रीय. इतरांना सुचत नाही.

९ जानेवारी, थोड्या वेळानं
लिंबाच्या लोणच्याची फोड तोंडात धरून आडवी पडले आहे. ऊन तिरपं येत होतं, ते डोळ्यांत गेलं.

१० जानेवारी
झोपाळ्यावर बसले. हलवला नाही. छान जमलं. प्रगती आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
हळदीकुंकू आमच्याकडे. बोटीचीच चर्चा. साळूबाई पदर सावरत म्हणाली, "बोट लागती म्हनं. उभ्या दांडग्या मान्साला आडवं करती." सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या.
मी अध्यक्षांच्या आवाजात सांगितलं की ज्यांना लागेल त्यांच्यासाठी मी लिंबं, आवळासुपारी आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेतल्या आहेत. शेवंता म्हणाली, "आन् तुझ्यासाठी?"
तिच्या हातावर दुसऱ्यांदा तिळगूळ ठेवला आणि गोड बोल म्हटलं.

१८ जानेवारी, सकाळ
निघतोय. दौंडपर्यंत क्रूझरच. हे ऊस सोडून वेशीपर्यंत आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हिला खिडकी दे बाबा, तुझीच गाडी ऱ्हाईल चांगली." जाताना हे बोलायची काय गरज?

१८ जानेवारी, दुपार, दौंड स्टेशन
पोचलो. रस्त्यात एकदा गाडी थांबवावी लागली. पुढच्या सीटवर कुणीतरी अगरबत्ती लावलेली, वरून डिझेलचा वास. निरोगी माणसालाच असले वास जाणवतात. शेवंतानं माझी पाठ चोळली आणि एक अक्षर बोलली नाही. हा तिचा जुना आगाऊपणा.
ट्रेन लेट. चौकशीच्या खिडकीत विचारलं. तो म्हणाला, दिल्लीकडं धुकं पडलंय. मी बाहेर बोट दाखवलं. प्लॅटफॉर्मवर असं ऊन की कुत्रीसुद्धा बाकाखाली. तो म्हणाला, "बाई, ऊन दौंडला हाय. गाडी दौंडला न्हाई."
धुक्याचं मला सांगू नये. आमच्या भीमेवर रोज पडतं, चहा होईपर्यंत उठतं.

१८ जानेवारी, संध्याकाळ
धुकं उठलेलं नाही. बोर्डावर उशिराचा आकडा वाढला, मग पुन्हा वाढला, मग त्यांनी आकडाच पुसून टाकला. मी याला चांगलं लक्षण मानते.
शेवंता कंबर कसून उभी राहिली. म्हणाली, "आता उठा. जीपनं पुणं गाठू, तिथनं रातची बस. सकाळी गोवा. हितं बसलो तर बोट गेली." रतनच्या दोन्ही हातांत पिशव्या तयारच होत्या. मी म्हटलं, धुकं उठत आलंय. "कुणी सांगितलं?" अंदाज आहे, म्हटलं.
शेवंता पुन्हा माझ्याशेजारी टेकली. हळू आवाजात म्हणाली, "धुरपे, खरं सांग. घाटाला भ्यालीस व्हय? म्या धरते की तुला. वकलीस तर वकलीस."
असं कुणी प्लॅटफॉर्मवर बोलतं का? मी सांगितलं, लीडरनं रिझर्व्हेशन सोडून जायचं नसतं. तुम्ही व्हा पुढं, मी ट्रेननं येते, बंदरावर भेटू. शेवंता म्हणाली, "मंग आम्ही बी थांबतो." रतननं पिशव्या खाली ठेवल्या. तिनं समुद्र कधी बघितलेला नाही. महिन्याभरापासून बांगड्या मॅचिंग करत होती.
दोघींना मीच ढकलून जीपमध्ये बसवलं. शेवंता खिडकीत होती. तिनं हात हलवला.
या वेळी मी स्वतः थांबले आहे. फार फरक आहे.

१९ जानेवारी, सकाळ
बायकांच्या वेटिंग रूममध्ये झोप उत्तम झाली. बाकाच्या पट्ट्या पाठीला चांगल्या असतात. ट्रेन नाही. चौकशीवाल्यानं मला बघून आधीच मान हलवली.

१९ जानेवारी, दुपार
शेवंताचा फोन! लेकीनं, मोनालीनं, निघताना स्वतःचा मोबाईल मला दिला ते बरं झालं, पोरगी गुणाची. पण तिकडे वारं फार. शेवंता नुसती ओरडत होती, "धुरपे, बोट लागली! बोट लागली गं!" आणि कट.
शेवंताला! जिला जन्मात काही लागलं नाही, जी घाटात खारे शेंगदाणे खाते, तिला बोट लागली. आणि लिंबं, सुपारी, पिशव्या सगळं इथं माझ्याजवळ. जिवाला चटका बसला.
चटका बसून झाल्यावर वडापाव खाल्ला. कालपासून पहिल्यांदाच भूक लागली. आता भेटल्यावर तिला हसायचं नाही, असं ठरवलं आहे. पुढच्या हळदीकुंकवात दोन शब्द बोलीन, की लागणं कुणाच्या हातात नसतं, त्यात लाजायचं काय. नाव घेणार नाही. फक्त तिच्याकडे बघेन.

१९ जानेवारी, त्यानंतर
मीच फोन लावला. रतननं उचलला. विचारलं, शेवंता आडवी पडली आहे का? रतन म्हणाली, "त्यांना काय धाड भरलीया? भजी खात्यात."
बोट धक्क्याला लागली होती. तेवढंच सांगायला फोन केला होता. त्या चढल्यासुद्धा. रतनचा श्वास पुरत नव्हता. "अक्का, येवढी मोठी हाय! आपला साखर कारखाना पान्यात उभा केल्यावानी. आन् समुद्र तर... तुमी बघाच."
मग शेवंतानं फोन घेतला. म्हणाली, "तुझी खिडकीजवळची कॉट मोकळी ठेवलीया. येतीस का गं?" मी सांगितलं, धुकं उठतंय. ती म्हणाली, "बरं." मग नुसतं तिकडचं वारं ऐकू येत राहिलं.

१९ जानेवारी, संध्याकाळ
हमाल माझ्या डोक्याशी ओरडला, "गोव्याची गाडी लागलीऽ!" मी दचकून उभी राहिले आणि म्हटलं, "मला काही लागलेली नाही!" आसपासची माणसं बघायला लागली. समोर खरंच गाडी लागली होती. लांबलचक, धुळीनं माखलेली, धुक्याची कुठं खूणसुद्धा नाही. माझी सीट खिडकीची होती. तिथं कुणीतरी पोराला बसवलं होतं.
बोट एव्हाना सुटली असणार. मी पायरीला हात लावून बघितला, गार होती. मग गाडी गेली.
पोरानं हात हलवला. मी पण.

१९ जानेवारी, अंधार पडायच्या आत
ह्यांना फोन केला. हसतील वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, "जेवलीस का? थांब तिथंच. क्रूझर लावून देतो."
शेवटी क्रूझरच. मी फोन ठेवला. सगळी लिंबं चहावाल्याला देऊन टाकली. एक ठेवलं. कुणाला लागलंच तर असावं.
आता पुन्हा फोन लावणार आहे. काय उत्तर येईल ते माहीत आहे: तोड चालू हाय, कारखान्यावर नंबर लागलाय, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? तरी विचारणार आहे.
अहो, जीप नको. तुम्हीच या. ट्रॉली सोडून नुसता ट्रॅक्टर घेऊन या. मडगार्डवर बसते, भीमेच्या काठाकाठानं न्या. याल का?