नॉर्मलच्या खालची ओळ

१२ मार्च, बुधवार

रिपोर्ट आला. नॉर्मल!

महिला दिनाला शाळेनं चाळिशीपुढच्या शिक्षिकांची मॅमोग्राफी ठेवली होती. मी गेले, कारण स्टाफरूममधली तनुजा गेली. बिडकीनहून रोज स्कूटीवर येऊन-जाऊन तिला कशाचीच भीती उरलेली नाही. त्या यंत्रात छाती दाबून घेऊन बाहेर आली तर म्हणे, "आपला तर पापडच लाटला की गं!"

मिहिरनं व्हॉट्सॲपवर रिपोर्ट बघून नुसता अंगठा पाठवला. त्याच्या आईनं, सासूबाईंनी, देवघराकडं वळून हात जोडले. त्या रोगाचं नाव घेत नाहीत. 'ते' म्हणतात. "ते नाही ना? झालं तर मग." त्यांनी सत्यनारायण बोलला होता, हे आज कळलं.

१३ मार्च

आज रिपोर्ट पूर्ण वाचला. 'नॉर्मल'च्या खाली बारीक अक्षरात अजून एक ओळ आहे. इंग्रजीत. अर्थ असा — स्तनांच्या आतला भाग अतिशय घट्ट, त्यामुळं लहान गाठ झाकली जाऊ शकते, सोनोग्राफी करून पडताळून पाहावं.

मुलांना वर्षभर ओरडून सांगते, प्रश्न शेवटपर्यंत वाचा.

१६ मार्च, रविवार

पूजा झाली. सगळी गल्ली जेवून गेली. सासूबाई येईल त्याला सांगत होत्या, "सुनेचा रिपोर्ट चांगला आला ना, म्हणून." बायका एकदा माझ्या छातीकडं बघायच्या, मग पटकन शिऱ्याकडं. समोरच्या काकू म्हणाल्या, "नुसती बघितली तरी ठणठणीत दिसती की!"

त्या ओळीचं तेव्हाच सांगावंसं वाटलं. तोंडात प्रसाद होता. राहिलं.

१९ मार्च

मिहिरला सांगितलं. हसला. "गॅस बंद केला का बघायला तू जिन्यातनं परत वर येतेस. आता हे!" मीही हसले. वाईट नाही तो. नॉर्मल म्हटल्यावर नॉर्मल, एवढंच त्याचं.

गॅस एकदा खरंच चालू राहिला होता. हे तो विसरला.

२० मार्च

पाण्याचा दिवस. टाकी, पिंप, बादल्या. दुसरं काही नाही.

२५ मार्च

मधल्या सुट्टीत डॉ. सांडूंना फोन केला. रिपोर्टवर सही त्यांचीच आहे. आवाज तरुण वाटला, बाई बोलायला स्पष्ट. "या ओळीसाठी कुणी फोन करत नाही हो," म्हणाल्या. मग नीट समजावलं. फोटोत चरबी काळी दिसते. घट्ट भाग पांढरा दिसतो. आणि गाठही पांढरीच. "तुमचा जवळजवळ सगळाच फोटो पांढरा आहे, मॅडम. मला काही दिसलं नाही, असं मी लिहिलंय. काही नाहीच, असं नाही लिहिलेलं."

मी विचारलं, हा आजार आहे का? नाही. कितीतरी बायकांचं असंच असतं. हाताला कळत नाही, वजनावरनं ठरत नाही. धोका मात्र थोडा जास्त.

दुधात पडलेला साबुदाणा शोधायचा, असं काहीतरी.

तनुजाला सांगितलं तर म्हणते, "म्हंजी अजून कवळी आहेस की! माझ्या रिपोर्टात बघ, नुसती चरबी!" स्टाफरूममध्ये इतकं हसलो की शेजारच्या वर्गातनं शिपाई पाठवला.

३० मार्च, पाडवा

गुढी उतरवून झाल्यावर सासूबाईंना म्हटलं, एक सोनोग्राफी करून घेते. त्या गुढीच्या साडीची घडी घालत होत्या. हात थांबले.

"पूजा बोलले, केली. मी माझा शब्द पाळला. आता तू काय तपासायला निघालीस? त्यानं पाळला का नाही, ते?"

रिपोर्ट आल्यापासून त्यांना झोप लागते आहे, तीच मी काढून घेतेय, एवढं दिसलं. साडीचं एक टोक धरलं, घडी पूर्ण केली.

मिहिर आतून म्हणाला, "संशयी आहेस गं तू."

२ एप्रिल

अंघोळीनंतर आरशात पाहिलं. काही नाही. नेहमीचंच. स्वरदा इथंच दीड वर्ष प्यायली. आता बारावीला गेली, खोलीत येताना दार वाजवते.

संशयीच असेन मी. पण मग ती ओळ लिहिली कशाला?

७ एप्रिल

अर्धी रजा टाकली. घरी सांगितलं नाही. तनुजानं स्कूटीवर नेलं.

गार जेल. उजवी बाजू चटकन झाली, डॉ. सांडू उन्हाळी सुट्टीचं विचारत होत्या. डावीकडं आल्या आणि बोलणं थांबलं. यंत्र एकाच जागी फिरत राहिलं. बटणाचा आवाज. परत आवाज. मी छताकडं बघत होते, एक ट्यूब फडफडत होती.

"इथं एक आहे. नऊ मिलिमीटर. सुईनं तुकडा घेऊ, मग बोलू."

परतताना तनुजानं एकही विनोद केला नाही. क्रांती चौकात रसाच्या गाड्यापाशी थांबली, ग्लास हातात दिला. "पी. बर्फ नको सांगितलंय."

८ एप्रिल

घरी सांगितलं. मिहिरनं मोबाईल उलटा ठेवला. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या, बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. स्वरदानं सगळं मोबाईलवर वाचून काढलं आणि म्हणाली, "मम्मा, बहुतेक गाठी साध्याच असतात." मग सगळेच म्हणाले. काही नसणार. काही नसणार.

मी मान डोलावली. कंटाळा आला होता मान डोलवायचा.

११ एप्रिल

सुईची तपासणी झाली. स्टेपलर मारल्यासारखा आवाज येतो. दुखलं, पण सांगण्याइतकं नाही. घरी आले तर सासूबाईंनी मऊ भात करून ठेवलेला. दातांना काय झालंय! सगळा खाल्ला.

१२ एप्रिल, हनुमान जयंती

सासूबाई आज सुपारी हनुमानाच्या देवळात गेल्या नाहीत. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच बघितलं. विचारलं.

"गुडघा," म्हणाल्या.

१५ एप्रिल

रिपोर्ट अजून नाही. नववीचे पेपर तपासले. नदीची वळणं सगळ्यांनी चुकवलीत.

१७ एप्रिल

आहे.

लहान आहे, वेळेत सापडलं, म्हणाल्या डॉ. सांडू. मिहिर तिथंच रडला, खुर्चीत बसल्या बसल्या. मला मात्र आधी वाटलं — चला, मी खरी होते! चक्क आनंद. दुसरं नाव नाही त्याला. हे कुणाला सांगणार नाही.

भीती नंतर आली. गाडीत, बेल्टचा पट्टा डाव्या खांद्यावरनं खाली ओढताना.