दार लावल्यावरच दिसणाऱ्या दुखण्यावर उपचार मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
प्राणी नियंत्रण विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : ‘ढब्बू’ या कुत्र्यास येत्या शुक्रवारी उचलून न नेता त्याच्या मनाच्या आजारावर उपचार मिळण्याबाबत.
संदर्भ : आपल्या विभागाची ‘उपद्रवी कुत्रा हटविणे’ ही नोटीस.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळविते की, ती दातांच्या कवळ्या बनविणारी कारागीर असून सदर कुत्रा मूळचा तिच्या थोरल्या भावाचा आहे. दादा एका सकाळी नेहमीसारखी कडी लावून कामाला गेला, वाटेत कोसळला आणि परत आलाच नाही. इस्पितळाच्या धावपळीत कुत्रा घरात कोंडलेला आहे हे कुणाच्या ध्यानात राहिले नाही. दार उघडले तेव्हा त्याने चौकट कुरतडून ठेवली होती.

१. तेव्हापासून बाहेरून कडी लागली की ढब्बू घर डोक्यावर घेतो. रडतो, दारावर अंग टाकतो, पंजे रक्ताळेपर्यंत ओरबाडतो. दार उघडले की अगदी गरीब गाय! वरच्या मजल्यावरील मावशींनी तक्रार केली यात त्यांची काही चूक नाही. त्यांच्या दुपारच्या झोपेचे खोबरे झाले आहे.

२. आपल्या नोटिशीनुसार, कुत्रा आजारी असल्याचा डॉक्टरी दाखला आणल्यास त्याला मोठ्या इस्पितळातील वर्तनोपचार विभागात पाठविले जाते. न आणल्यास पथक उचलून नेते. म्हणून अर्जदार त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथे तो तिच्या पायावर हनुवटी टेकून निवांत पडून राहिला. डॉक्टरांनी छाती तपासली, पंजांना मलम दिले आणि कागदावर ‘ठणठणीत’ असे लिहिले. मी बाहेर जाते, तुम्हीही बाहेर या आणि मग बघा, अशी अर्जदाराने विनवणी केली. त्यावर, तपासणीच्या वेळी मालकाने जनावराजवळून हलायचे नाही, असा नियम दाखविण्यात आला.

३. मग फोनवर त्याच्या रडण्याचे रेकॉर्डिंग ऐकविले. यातला कुत्रा हाच कशावरून, असे विचारण्यात आले. अहो, हा नाही तर काय मी रडतेय, असे अर्जदाराच्या तोंडून निघून गेले. त्याबद्दल ती दिलगीर आहे. डॉक्टर मनाचे चांगले, ते एका दुपारी स्वतः घरी आले. अर्जदार कडी लावून जिन्यात जाऊन बसली. आत डॉक्टर खुर्चीत आणि ढब्बू त्यांच्या मांडीवर डोके ठेवून घोरतोय. नंतर डॉक्टरांना जिन्यात बसविले, तर त्यांच्या वासाने तो फटीला नाक लावून गप्प. माणूस जवळ असले की त्याला काही होतच नाही हो! आणि कुणी नसले की पाहणार कोण? शेवटी डॉक्टरांनीही हात टेकले. जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहू कसं, म्हणाले.

४. महोदय, या रुग्णाचे दुखणे ठाऊक असलेली व्यक्ती एकच, ती म्हणजे तक्रारदार. रडणे केव्हा सुरू होते, केव्हा चढते, केव्हा नुसत्या कण्हण्यावर येते, हे सगळे मावशींच्या तक्रारीत आहे. इतके बारकाईने त्याला कुणीच तपासलेले नाही. तेव्हा ज्या कागदावरून आपण त्याला हटवायला निघालात, तोच कागद त्याचा डॉक्टरी दाखला मानावा, अशी विनंती आहे. हे मावशींना सांगितले तेव्हा त्यांनी नोटीस मागून घेऊन वाचली. मग म्हणाल्या, अगं बाई, मी त्याला गप्प करा म्हटलं होतं, घेऊन जा कुठं म्हटलं? त्यांची सही सोबत जोडली आहे.

५. शुक्रवारी पथक येईल तेव्हा ढब्बू शेपूट हलवीत त्यांच्यासोबत जाईल, कारण माणसे दिसली की तो खूश असतो. मग गाडीचे दार लागेल. तो आजार तेव्हा आपल्या माणसांना पुरेपूर दिसेल, पण दार उघडायला अर्जदार तिथे नसेल. हा विचार आला की तिच्या हातातली कवळी खाली ठेवावी लागते. कामावरच्या मालकांची बोलणी खावी लागतात ती वेगळीच.

६. आपल्या कार्यालयात जनावरांना मज्जाव आहे. म्हणून रखवालदारांच्या परवानगीने अर्जदाराने त्याला खाली आवारातील रिकाम्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली आहे, आणि रखवालदारांना फाटकापाशी थांबायला सांगितले आहे. हा अर्ज आपल्या हाती देऊन ती आपल्या टेबलासमोर उभी आहे. आपण इथवर वाचलेत म्हणजे त्याने एव्हाना सुरुवात केलीच असेल. कृपया मागची खिडकी उघडावी. ऐकू आले तर या अर्जावर ‘ऐकले’ एवढेच लिहून सही करावी.

जरा लवकर करा, साहेब. मला खाली जायचंय.

आपली नम्र आणि घाईतली,
(सही)
अर्जदार, कवळी कारागीर
सोमवार, १४ जून